निशाणी एकवीस

अर्जात माझं नाव द्वारका काशिनाथ मढवी,
वय एक्कावन्न, राहणार घणसोली गाव, तळ्याच्या मागे.
धंदा : गृहिणी,
असं टायपिस्टने आधीच टाकून ठेवलेलं.
मी म्हटलं, खोडा.
रोज ऐंशी भाकऱ्या थापते तांदळाच्या,
महाप्याच्या पोरांना, रबाळ्याच्या दोन मेसला.
त्याने पांढरी शाई फिरवली, फुंकली,
वर लिहिलं : भाकरी.
नुसतंच भाकरी.

गाडी कशी आली ते मला ठाऊक नाही.
पंचनाम्याला ठाऊक आहे.
सर्व्हिस रोड, दिव्याच्या खांबापासून चार मीटर,
एक चप्पल, डावी.
स्टीलचा डबा, चेपलेला, झाकण मिळून आले नाही.
आत काय होतं ते कुणी लिहिलं नाही.

त्याचं रक्त काढलं रात्री साडेबाराला.
माझं नऊलाच निघालं होतं, न काढता.
कायदा तीसपर्यंत गप्प बसतो,
त्याच्यात एकशे बारा सापडले.
तळेकर वकीलबाई म्हणाल्या, बरं झालं.
मग चष्मा पुसला. म्हणाल्या,
म्हणजे, तसं वाईटही झालं.

कारण विमा कंपनीचं लेखी म्हणणं आलं :
चालक प्यायलेला होता,
पॉलिसीची अट मोडली,
सबब आम्ही देणे लागत नाही.
मी ते दोनदा वाचून घेतलं.
शुद्धीत मोडला असता तर पाय भरून दिला असता,
पिऊन मोडला म्हणून माझा मलाच?
बाई म्हणाल्या, कायदा एवढा वेडा नाही.
आधी तुम्हाला द्यायला लावू,
मग त्यांनी त्याच्याकडून वसूल करावं.
होतं तसं. बहुतेक.

त्या बहुतेकला धरून मी चालते,
वॉकरच्या आधी.

केसी दोन. बेलापूरला सरकार विरुद्ध तो,
तिथे मी साक्षीदार. शिक्षा झाली तर त्याला होईल,
माझ्या हाती काही पडायचं नाही.
ठाण्याला मी अर्जदार.
तिथे पैसे मिळतील, पण गुन्हेगार कुणीच नाही,
तो, गाडीमालक, कंपनी,
सगळे नुसते सामनेवाले.

सिव्हिल हॉस्पिटलने पायाला टक्के दिले. बत्तीस.
पासला तीन कमी.
आयुष्यात दुसऱ्यांदा.

उलटतपासणीत कंपनीचा वकील म्हणाला,
भाकरी हाताने थापतात ना?
मग पायाचा काय संबंध?
मी म्हटलं, साहेब, इथेच उकिडवी बसून दाखवते.
बसेन.
उठवायला मात्र तुम्ही यायचं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, शिपायाने शूऽ केलं.

पावत्या आहेत?
पावत्या नाहीत. वही आहे.
तुपाचे डाग, पिठाची बोटं,
एका भाकरीची एक रेघ, पाच झाल्या की आडवी काट.
नऊ ऑगस्टला ऐंशीपैकी बावन्न रेघा,
मग कोरी पानं. शेवटपर्यंत.
कोर्टाने शिक्का मारला : निशाणी एकवीस.

आणि गेडाम आला, भंडाऱ्याचा पोरगा,
अर्ध्या दिवसाची रजा टाकून.
शपथ घेतली, घसा खाकरला,
म्हणाला, मी यांच्याकडून भाकऱ्या घ्यायचो.
पुरावा काय?
माझ्याकडे यांची बाकी आहे. तेहतीस भाकऱ्या.
वहीत बघा.
न्यायाधीशबाईंनी पान उलटलं,
पेन्सिलीचं टोक रेघांवरून सरकत गेलं,
आम्ही सगळे उगाच श्वास धरून.
तेहतीस, त्या म्हणाल्या.
टायपिस्टने टाइप केलं.

बाहेर चहाच्या टपरीवर तो खजील.
मावशी, दोन वर्षं झाली, राहूनच गेलं,
आत्ता पाठवतो, नंबर तोच ना?
त्याच्या हातातला मोबाइल मी पालथा केला.
थांब रे, म्हटलं.
निकाल लागेपर्यंत फेडू नकोस.

पुढची तारीख चौदा.
चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.